हिडकलची नाव

६ नोव्हेंबर

धरणावरचा चौथा माणूसही नाही म्हणाला. आधीच्या तिघांनी तोंडावर नकार दिला नव्हता. एकाची नाव गळत होती, एकाची मेव्हण्याने नेली होती, एकाने फोनच उचलला नाही. धोंडीराम भोई मात्र सरळ बोलला. "सायेब, एक डाव त्या कामाला नाव घातली की तिला मासा लागत न्हाय. पावसाळ्यात आमी घातली की. आता पोटाचं बघाय पायजे का नको?"

बघायला पाहिजे, असं मी म्हणालो. त्याने चहा पाजला. परत आलो.

मुलगा जुलैत राधानगरीच्या मागच्या पाण्यात गेला. मित्रांबरोबर पाऊस बघायला गेला होता. पाय घसरला, एवढंच मित्र सांगतात. सरकारी पथक आलं, पाणबुडे आले. त्यांनी मनापासून शोधलं, याबद्दल माझी तक्रार नाही. आठवड्याने त्यांनी दोर गुंडाळले. दरवाजे उघडले होते, भोगावतीतून खाली गेला असेल, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पाय घसरला तिथे पाण्याखाली जुनी झाडं उभी आहेत. तो तिथेच आहे.

मला तो हवा आहे. जे उरलं असेल ते.

इथली नाव मिळणार नाही. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथून आणावी लागेल.

९ नोव्हेंबर

दूध संस्थेत पेंडीची गाडी आली. सचिव म्हणून करायची सही दोनदा चुकीच्या जागी केली. दसऱ्यापासून गाडीवाला बदलला आहे. हा बसू संकेश्वरचा, बिद्रीकडे नवा. त्याला काही माहीत नाही. त्यामुळे त्याच्याशी बोलायला बरं वाटतं.

"काय मग सायेब, बरं हाय न्हवं?"

"बसू, तुमच्या हिडकल धरणावर जुनी नाव विकत मिळेल का?"

"नाव? कुठं जातासा तरंगत?"

"मासे धरायचे आहेत. दुधाला जोडधंदा."

"दुधासंगं मासं खाल्लं की अंगावर कोड उठतंय म्हणत्यात," असं म्हणून तो एकटाच बराच वेळ हसला. पोती उतरवून झाल्यावर म्हणाला, "हाय एक म्हातारा. इचारून सांगतो."

१२ नोव्हेंबर

आण्णा जेवणाच्या वेळेला आला. भटजींना विचारून आला होता. देह मिळाला नाही तर पळसाची पानं आणि दर्भ घेऊन माणसाचा आकार करतात आणि त्याला अग्नी देतात. तो दिला की पुढचे दिवस घालता येतात.

"पानं हाईत तवर उरकून घिऊ," आण्णा म्हणाला. "माघात पळस झडतो. शिमग्याला नुसती फुलं. पान औषधाला गावत न्हाय."

"पाणी उतरू दे आधी."

"पाणी उतरू दे, पाणी उतरू दे! तुज्या बापाचं हाय काय पाणी, सांगितल्यावर उतराय?"

बाप त्याचाही तोच. पण तो थोरला भाऊ. नाव घेतोय एवढं सांगितलं.

"घरात पावसाळ्यापासनं मासा शिजला न्हाय. आन तू मासं धरणार?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. शालनने ऐकलं असणार. ती बाहेर आली नाही.

पानांना अग्नी दिला की काम पुरं झालं असं होतं. काम पुरं झालं की कोणी शोधत नाही. हे मला आण्णाला सांगता आलं नाही. इथे लिहितो.

१७ नोव्हेंबर

नाव घेतली.

सकाळी बसूबरोबर निघालो. निपाणीच्या पुढे पाट्या वाचता येईनाशा झाल्या. बरं वाटलं. संकेश्वरला बसूने घरी नेऊन उप्पीट खायला लावलं आणि तिथून हिडकलच्या मागच्या पाण्यावर गेलो.

म्हाताऱ्याचं नाव यल्लप्पा. मराठी येत नाही. गुडघे गेले आहेत, मुली दिल्या घरी गेल्या, म्हणून विकतो, असं बसूने सांगितलं. नाव फायबरची, निळी. बुडाला दोन ठिगळं आहेत. पुढच्या टोकावर पिवळ्या रंगात कानडी अक्षरं आहेत. ती देवीच्या नावाची आहेत म्हणे. म्हाताऱ्याने जो आकडा सांगितला त्याला मी लगेच मान हलवली. बसूला ते अजिबात आवडलं नाही. "सायेब, जरा तरी वडातान करायची की! त्यालाबी गोड लागत न्हाय असं."

बसू गाडी उलटी घेऊन काठाला आणायला गेला. मी आणि म्हातारा नावेपाशी उभे होतो. पाणी किती खोल आहे, आणि इतक्या खोल पाण्यात तळाशी काही दिसतं का, हे त्याला विचारायचं होतं. पण कसं विचारणार? मी हाताने खाली दाखवलं. बराच वेळ तसाच पाण्याकडे बघत राहिलो असेन. म्हातारा माझ्याकडे बघत होता.

"मगऽ?" त्याने विचारलं.

एवढा एक शब्द त्याला मराठीतला येत असावा. मी म्हणालो, "मग काय? मासे धरायचे." हाताने मासा पोहताना करून दाखवला.

तो हसला नाही. पुन्हा जरा हळू म्हणाला, "मगऽ?" मी पुन्हा मासा दाखवला.

तेवढ्यात त्याची बायको नारळ, हळदकुंकू घेऊन आली. नावेची पाठवणी करायची असणार. म्हातारा तिला दोन शब्द बोलला. ती जागच्या जागी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि ताट घेऊन परत गेली. तिच्यामागून तोही घरात गेला आणि बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आली. तिने नुसतं तांब्याभर पाणी नावेच्या टोकावर घातलं. नारळ राहिलाच. पूर्ण पैसे घेऊन एका नारळाची काटकसर करावी, हे मला जरा विचित्र वाटलं. त्यांच्यात तशी पद्धत असेल.

म्हाताऱ्याने एक मोठा गळ आणून फळीखाली ठेवला. विहिरीत पडलेली घागर काढायचा असतो तसा चार नख्यांचा, पण त्याच्या दुप्पट, लांबलचक दोरासकट. मी पैसे विचारले. त्याने त्यावर पोतं पांघरलं आणि हात जोडले.

परत येताना बसूने विचारलं, "म्हातारा काय म्हणत हुता?"

"काही नाही. पुढे काय करणार, असं विचारत होता."

२३ नोव्हेंबर

नाव राधानगरीला पाण्यात टाकली. आधी मासेमारी सोसायटीत जाऊन, आपण एकही मासा धरणार नाही, असं लिहून द्यावं लागलं. सीमेच्या पलीकडे मासे धरणार म्हणून सांगितलं, अलीकडे धरणार नाही म्हणून सही केली. दोन्हीकडे कोणी शंका घेतली नाही.

वल्ही मारली तरी नाव जागच्या जागी फिरत होती. काठावरून कोणीतरी ओरडलं, "ओ पावणं, नाव चालवतासा का जातं फिरवतासा?" बाकीचे हसले. धोंडीरामने त्यांना शिवी दिली. काय सांगितलं माहीत नाही, पण सगळे गप्प झाले. मला ते हसत होते तेच बरं वाटत होतं.

धोंडीरामने हात कसे टाकायचे ते दाखवलं आणि जाताना म्हणाला, "सायेब, राग मानू नगासा. आमच्या नावांच्या शेजारी तेवढी बांधू नगा."

पलीकडच्या करंजाला बांधली.

१ डिसेंबर

रविवार. आज गळ पहिल्यांदा टाकला. नख्यांची चारी टोकं जुन्या सुती कापडाच्या चिंध्यांनी घट्ट गुंडाळलेली होती, वरून दोरा शिवलेला. गंजू नये म्हणून केलं असेल. अशाने काही अडकणार कसं? ब्लेडने कापून सगळ्या चिंध्या काढल्या आणि टोकं कानशीने घासून आणली.

पहिल्यांदा झाडाची फांदी आली. दुसऱ्यांदा तारेचं भेंडोळं. तिसऱ्यांदा काहीच नाही.

८ डिसेंबर

फांदी. साडीचा तुकडा, कित्येक वर्षांचा असेल. तो हातात घेऊन बसलो. नंतर पाण्यात सोडला.

९ डिसेंबर

सकाळी निघताना शालनने एक केशरी जॅकेट पुढे केलं. बुडू नये म्हणून घालतात ते. कोणाकडून मागवलं विचारलं नाही.

"घाला."

"मासे धरणारे असलं काही घालत नाहीत."

"तुमी कुठं मासं धरतासा?"

मी तिच्याकडे बघितलं. ती भाकरी फडक्यात बांधत होती. मी तिला एका शब्दाने काही सांगितलेलं नव्हतं.

"सांजच्याला माघारी या," म्हणाली. "तेवढं करा."

जॅकेट बरोबर नेलं. अवघडल्यासारखं होतं, म्हणून घातलं नाही, बसायला घेतलं.

२२ डिसेंबर

आज गळ जड लागला. ओढला तर हळूहळू वर यायला लागला. मी डोळे मिटले, खोटं कशाला लिहू. मिटल्या डोळ्यांनी ओढत राहिलो. मला वाटत होतं त्याचा शर्ट दिसेल. निळ्या चौकटींचा, कोपरात उसवलेला. शिवून घे म्हणून मी त्याला आदल्या दिवशी बोललो होतो.

जाळं होतं. कोणाचं तरी नवं जाळं, माझ्या नख्यांनी मधोमध फाटलेलं, आणि त्यात सात-आठ मासे जिवंत.

धोंडीराम नाव मारत आला. "ओ सायेब! आठवडा झाला न्हाय जाळं घिऊन! मासं धरणार न्हाय म्हणून लिवून दिलासा आन आमची जाळी धरतासा व्हय?" जवळ आला तसा त्याला गळ दिसला. त्याने वल्हं आत घेतलं. मासे त्याच्या नावेत टाकले, जाळ्याचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत.

संध्याकाळी त्या अंगाची सगळी जाळी त्यांनी काढून घेतली. आता तिकडे फक्त माझी नाव असते.

१४ जानेवारी

संक्रांत. आण्णाकडून तिळगूळ आला नाही, सुतक आहे म्हणून. देह नाही तर सुतक संपतही नाही.

पाणी उतरतं आहे. काठावर चिखलाचा पट्टा दिसतो. रोज कामावरून थेट तिकडे जातो. संस्थेत परवा फॅटच्या नोंदी मी एकाच्या दुसऱ्याला लावल्या. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या म्हशीला एका दिसात एवढं लोणी कुठनं आलं रं बाबा?" सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. दीड महिना रजा घ्या, म्हणाले.

२ फेब्रुवारी

शालनशी चार दिवसांत काही बोलणं नाही. भांडण नाही. आज दुपारी ती घरी नव्हती. दारात तिच्या चपला दिसल्या नाहीत आणि मला धास्ती वाटली. दोन तासांनी आली, पदराला काटे, हात खरचटलेले, डोक्यावर पाटी, वर फडकं. कुठे गेली होतीस विचारलं. "माळाला," म्हणाली. सरपण आणायची आपल्याला काय गरज आहे, घरात गॅस आहे. पण तिला बाहेर पडावंसं वाटलं, हे चांगलंच.

१६ फेब्रुवारी

आज गळ तळाशी अडकला आणि दोर ओढताना मी अर्धा नावेबाहेर गेलो. डोकं आणि छाती पाण्यात. भीती वाटली नाही. पाणी गार होतं आणि आवाज बंद झाला. बराच वेळ तसाच राहिलो. जॅकेट नावेत बसायच्या फळीवर होतं. शालनने सांजच्याला माघारी या म्हटलेलं आठवलं, म्हणून वर आलो.

याबद्दल तिला सांगायची गरज नाही.

२७ फेब्रुवारी

रजा संपली. पेंडीची गाडी आली. बसू पोती उतरवता उतरवता फोनवर बोलत होता. कानडीत, पण आवाज एकदम मऊ. "मगा, ऊटा आयता?" असं दोनदा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मग काय म्हणत होतास?"

"पोराशी बोलत हुतो की. हुबळीला शिकतोय. जेवलास का इचारलं."

"आणि ते 'मग' कशाला?"

"मग न्हवं, मगा. मगा म्हंजे पोरगा. आमच्यात लेकाला तसंच म्हणत्यात."

मी खुर्चीवर बसलो. त्याने पाणी आणून दिलं. हिडकलच्या काठावर म्हातारा मला काय म्हणाला होता ते मी त्याला सांगितलं. मुलाचंही सांगितलं. बसू पोत्यावर बसला. त्याने खिशातली तंबाखू काढली आणि न मळता परत ठेवली.

"मला आधी सांगायचं की, सायेब," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "हिडकलात कोण बुडालं की पोलीस त्या म्हाताऱ्यालाच बोलवत्यात. त्यो गळ त्याचाच."

रात्री अंथरुणावर उठून बसलो. टोकांना चिंध्या का बांधल्या होत्या ते तेव्हा कळलं. लागू नये म्हणून. त्या मी कापून टाकल्या आणि टोकं घासून धार लावली. त्या धारेचा गळ तीन महिने त्याच्यावर टाकत होतो.

म्हाताऱ्याने मुलगा म्हणून विचारलं. दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा मासा करून दाखवला.

२ मार्च

शालनच्या पेटीत जुनं सुती लुगडं होतं, माझ्या आईचं. त्याच्या चिंध्या करत होतो तर ती आली. काय करतासा, असं विचारलं नाही. दोरा-सुई घेऊन शेजारी बसली. चारी नख्या आम्ही दोघांनी मिळून गुंडाळल्या. ती टाके घालत होती, मी धरत होतो.

५ मार्च

धरणावर गेलो नाही. चहाच्या टपरीवर, संस्थेत, रस्त्यात जो भेटेल तो "काय मग?" म्हणतो. जन्मभर ऐकत आलो आहे. आता प्रत्येक वेळी दचकतो. लिहिताना तो शब्द आला की दुसरा शोधतो.

१६ मार्च

हिडकलला जाऊन आलो. शिमगा परवाच झाला. बसू सुट्टी काढून आला, गाडीभाडं घेतलं नाही. निपाणीच्या पुढे रस्त्याकडेचे पळस लाल झाले होते. एका झाडावर पान नव्हतं. आण्णा खरं बोलला होता.

म्हातारा उन्हात पाय पसरून बसला होता. त्याने ओळखलं. उठायला लागला, मी उठू दिलं नाही. समोर जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं: "हो. मगा."

त्याने मान हलवली. त्याला ते नोव्हेंबरपासून माहीत होतं.

चिंध्या काढून टाकल्याचंही सांगितलं, पुन्हा बांधल्याचंही. बसूने कानडीत सांगितलं. म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती, तिने पदर तोंडाला लावला.

"आता सापडेल का, विचार," मी बसूला म्हणालो.

बसूने विचारलं. म्हातारा बराच वेळ बोलला. बसू लगेच सांगेना. मी म्हणालो, जसं आहे तसं सांग.

"गावत न्हाय म्हणतोय. एका पावसाचं पाणी गेलं, गाळ बसला. तुमी आला त्या दिवशीच गावायसारखं न्हवतं म्हणतोय."

"मला नाव दिली कशाला?"

म्हाताऱ्याने उत्तर माझ्याकडे बघून दिलं, जणू मला कानडी कळतं.

"न्हाय दिली असती तर ह्यो माणूस तसाच पाण्यात उतरला असता, असं वाटलं म्हणतोय," बसू म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

सोळा फेब्रुवारीला काय झालं ते फक्त या वहीला माहीत आहे.

म्हाताऱ्याने आणखी काहीतरी विचारलं. "नाव इचारतोय," बसू म्हणाला.

"राधानगरीला आहे. करंजाला बांधली आहे."

"ती न्हवं, सायेब. पोराचं नाव."

हे नाव मी जुलैपासून उच्चारलेलं नाही. पोलिसांना लागलं तेव्हाही आण्णाने सांगितलं होतं. इथेही लिहिलं नाही, आज मागची पानं चाळून बघितलं.

"आदर्श," मी म्हणालो.

"आदर्श," म्हातारा म्हणाला. दारातून म्हातारीही हळू म्हणाली, "आदर्श." दोघांनी ते आमच्यासारखंच म्हटलं. या नावाला दोन्हीकडे एकच शब्द आहे.

परत निघायच्या आधी गाडीच्या आडोशाला जाऊन शालनला फोन लावला. तिने उचलला. मी बोलेना तशी ती म्हणाली, "मग?"

मी म्हणालो, "आण्णाला सांग, भटजींना बोलवू दे. आदर्शचं करून घेऊ." आणि लाल झालेले पळस डोळ्यांसमोर आले. "पण पानं कुठून आणायची आता? पळस सगळे झडलेत."



"माळावरनं आणून ठिवल्यात कवाच," ती म्हणाली. "तुमची वाट बघून वाळल्यात."